एकाच बाजूचा मॅमोग्राम, ७७०६५ आणि ४४७ डॉलर

निशिगंध (न्यू जर्सी), धागाकर्ती

नमस्कार मंडळी. हे आरोग्यात टाकावं की पैसापाण्यात, ते कळेना, म्हणून इथेच टाकते.

२०१६ मध्ये स्तनाच्या कॅन्सरमुळे माझी डावी बाजू, म्हणजे डावा स्तन, काढली. पूर्ण. केमो वगैरे सगळं होऊन गेलं, आता मी ठणठणीत आहे, त्यामुळे त्याबद्दल हळहळ नको, प्लीज. तेव्हापासून दर वर्षी उरलेल्या उजव्या बाजूचा मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) असतो. दोन फोटो, एक वरून आणि एक तिरका. मशीनवाली गाऊनची एकच बाजू खाली करायला सांगते. तिचं निम्मं काम वाचवलं म्हणून मी दर वर्षी तोच विनोद करते आणि ती बिचारी दर वर्षी हसते.

आजवर बिल शून्य. या वर्षी नवऱ्याची नोकरी बदलली, त्याबरोबर इन्शुरन्स बदलला आणि त्यापायी हॉस्पिटलही. परवा दोन पाकिटं आली. हॉस्पिटलचं ३८६ डॉलरचं आणि कुठल्याशा रेडिओलॉजी ग्रुपचं ६१ चं. इन्शुरन्सच्या कागदावर सगळी रक्कम डिडक्टिबलला (आधी आपल्याच खिशातून भरायच्या हिश्श्याला) लावलेली. फोन केला तर तिकडची मुलगी म्हणाली, हा स्क्रीनिंग (त्रास नसताना होणारी नेहमीची तपासणी) नाही, डायग्नोस्टिक (काही शंका असताना होणारी) आहे, बिलावरचा कोड ७७०६५.

मला गाठ नाही, दुखत नाही, स्राव नाही, कोणी परत बोलावलेलं नाही. मग डायग्नोस्टिक कशावरून? तर म्हणे, "एकाच बाजूचा आहे ना, म्हणून."

म्हणजे दोन असतील तर फुकट आणि एक असेल तर ४४७ डॉलर? कुणाला अनुभव आहे का?

---

पोह्यांवर_शेव

ताई, मी तर भरून मोकळा झालो असतो. यांच्या फोनवरचं ते संगीत ऐकण्यापेक्षा पैसे परवडले.

---

कडू_कारलं (शिकागो)

@पोह्यांवर_शेव, तुमच्यासारख्यांमुळेच त्यांचं फावतं. (हलके घ्या.)

निशिगंध, भरू नका. निदान अजून नको. आपल्याकडे कोडिंगवाल्या एक ताई आहेत ना? त्यांना हाक मारा.

---

आकडेमोड (पुणे)

आले आले. रविवार असल्यामुळे सविस्तर लिहिते.

मी पुण्यात बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे रेडिओलॉजीचे रिपोर्ट कोड करते, म्हणजे रिपोर्ट वाचून बिलासाठीचे कोड लावते, नऊ वर्षं झाली. निशिगंधताईंची केस आमच्याकडे नवशिक्यांना मुद्दाम देतात, कारण दहातले सात चुकतात.

कुठली तपासणी केली ते बिलावर सीपीटीने सांगतात. सीपीटी म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनची पाच आकडी कोडांची यादी. मॅमोग्रामचे त्यात मुख्य कोड तीनच. ७७०६५ म्हणजे डायग्नोस्टिक, एक बाजू. ७७०६६ म्हणजे डायग्नोस्टिक, दोन्ही बाजू. ७७०६७ म्हणजे स्क्रीनिंग, दोन्ही बाजू, प्रत्येकीचे दोन फोटो. आता चौथा शोधा. स्क्रीनिंग, एक बाजू. तो नाहीच! जुन्या कोडांतही नव्हता. २०१६ पर्यंत ७७०५५, ७७०५६, ७७०५७ होते, त्यांचीही मांडणी हीच. २०१७ मध्ये आकडे बदलले, कॉम्प्युटरकडून फोटो तपासून घेण्याचे पैसे वेगळे लागायचे ते नव्या कोडांतच धरले, पण हा खण रिकामाच राहिला. यादी करणाऱ्यांनी स्क्रीनिंगला येणाऱ्या बाईला दोन स्तन असणार असं धरलंय.

मग एकच असेल तर काय करायचं? ७७०६७ लावायचा आणि त्यामागे मॉडिफायर ५२ जोडायचा. ५२ चा अर्थ, सांगितल्यापेक्षा कमी काम झालं. इन्शुरन्स हॉस्पिटलला थोडे कमी पैसे देईल, पण तपासणी स्क्रीनिंगच राहते. बरोबर निदानाचे कोड हवेत: पहिला झेड१२.३१, म्हणजे स्क्रीनिंग मॅमोग्रामसाठी आली. मग झेड८५.३, पूर्वी स्तनाचा कॅन्सर होता. मग झेड९०.१२, डावा स्तन नाही. हा तिसरा फार महत्त्वाचा, कारण एकच बाजू का काढली हे तोच सांगतो.

तुमचं बिल कसं झालं असेल याचा माझा अंदाज सांगते. अपॉइंटमेंट देणारीच्या स्क्रीनवर यादी असते. तिने "उजवी" शोधलं. एका बाजूची तपासणी यादीत डायग्नोस्टिकखालीच दिसली, तिने तीच निवडली. पुढे सगळं आपोआप: रिपोर्टचं शीर्षक तेच, चार्ज तोच, कोड तोच. रिपोर्ट काढून बघा. शीर्षकात काय आहे, आत "इंडिकेशन"समोर (तपासणीचं कारण) काय आहे, आणि डॉक्टरांनी पाठवलेल्या ऑर्डरवर काय लिहिलंय. या तीन ठिकाणी एकच गोष्ट असायला हवी.

एक मात्र आधीच सांगते. तुम्हाला पैसे कमी पडावेत म्हणून कोड बदलता येत नाही. काय मागवलं आणि काय केलं त्यावरूनच कोड ठरतो. पेशंट रागावून फोन करतो, "कोड बदला", आणि पलीकडचा माणूस लगेच सावध होतो.

---

निशिगंध

आकडेमोड, तुम्हाला साष्टांग. जुनी बिलं शोधली. (नवऱ्याने सगळी बिस्किटांच्या डब्यात ठेवली आहेत, का ते विचारू नका.) २०१९ पासून प्रत्येक वेळी ७७०६७ आहे आणि दोन ठिकाणी त्याच्यापुढे छोट्या अक्षरात ५२. मला वाटायचं तो माझ्या वयाचा आकडा आहे. तेव्हा मी ४६ ची होते, तर वाईटच वाटलेलं.

---

मोगरा_जाई (सिॲटल)

😂 ५२!

माझा अनुभव मात्र उलटा आहे, म्हणून लिहिते. मलाही ७७०६५ लागला, पण तो बरोबर होता. नेहमीच्या तपासणीत डाव्या बाजूला काहीतरी दिसलं, रिपोर्टवर बायरॅड्स (मॅमोग्रामच्या निकालाचा आकडा) ०. शून्य म्हणजे काही नाही असं समजून मी घरी पेढे वाटायच्या बेतात होते. शून्य म्हणजे तपासणी अपुरी, परत या. मग त्या एकाच बाजूचे जास्तीचे फोटो, एक छोटी पट्टी लावून तेवढाच भाग दाबून काढलेला, आणि लगेच सोनोग्राफी. काही निघालं नाही. बिल निघालं. ७७०६५, एलटी (डावी बाजू), सोनोग्राफीचा ७६६४२, वर थ्रीडीचे वेगळे.

तेव्हा एक बाजू आणि डायग्नोस्टिक ही जोडी दर वेळी चुकीचीच असते असं नाही.

---

आकडेमोड (पुणे)

@मोगरा_जाई, अगदी बरोबर. तुझ्या केसमध्ये ७७०६५ च. तिथे शंका होती. निशिगंधताईंना शंका नाही, फक्त एक बाजू नाही.

---

कुडाळचो_दशावतार

आमच्या आवशीन उभ्या आयुष्यात ह्यो कागद बघूक नाय. हय लॅबवालो इचारता, एक बाजू की दोन? पैशे घेता, पावती देता, संपला.

---

कडू_कारलं (शिकागो)

दशावतारकाका, हो, आणि पैसे तुमच्याच खिशातून. अवांतर नको, धागा चांगला चाललाय.

---

प्रतिमा_बघणारा (ओहायो)

मी रेडिओलॉजिस्ट आहे. दिवसभर हेच फोटो वाचतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आवडणार नाही कदाचित.

कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला डायग्नोस्टिक लावणं ही दर वेळी चूक किंवा लबाडी नसते. काहीही त्रास नसलेल्या अशा बाईची तपासणी दोन्ही प्रकारे करता येते आणि ते केंद्रानुसार ठरतं. विशेषतः स्तन वाचवून फक्त गाठ काढली असेल, तर त्या बाजूला पहिली काही वर्षं आम्ही डायग्नोस्टिक करतो. व्रण असतो, रेडिएशनचे बदल असतात, जास्तीचे फोटो लागतात, डॉक्टर तिथेच बसून बघतो आणि बाई घरी जायच्या आत निकाल सांगतो.

पण ज्या बाजूला पूर्ण मास्टेक्टमी (स्तन काढण्याची शस्त्रक्रिया) झाली तिथे साधारणपणे मॅमोग्राम करत नाही. उरलेली बाजू निरोगी, दोन ठरलेले फोटो, डॉक्टर समोर नाही, निकाल नंतर पत्राने. मी याला स्क्रीनिंगच म्हणेन. ताई, त्या दिवशी निकाल तिथल्या तिथे सांगितला का? दोनापेक्षा जास्त फोटो काढले का?

आणखी एक. इथे कुणीतरी लगेच लिहील की ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याने मॅमोग्राम फुकट आहे, खटला भरा. जरा थांबा. तो कायदा तज्ज्ञांच्या शिफारशींना धरून चालतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये सरकारी तज्ज्ञगटाने ४० ते ७४ वयाच्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी तपासणीची जी शिफारस केली, ती पूर्वी स्तनाचा कॅन्सर झालेल्यांना लागू नाही असं तिच्यातच म्हटलंय. ती ढाल तुमच्या हातात जरा लहान पडते. त्यापेक्षा तुमच्या स्वतःच्या योजनेची पुस्तिका काढा. तिथे "४० वर्षांवरील सभासदास वर्षातून एक स्क्रीनिंग मॅमोग्राम, शून्य खर्च" असं वाक्य असेल आणि त्यात कॅन्सरचा अपवाद नसेल, तर तेवढं पुरे.

---

निशिगंध

डॉक्टर, दोनच फोटो. निकाल आठ दिवसांनी पत्राने, बायरॅड्स १, म्हणजे काही सापडलं नाही. कोणी डॉक्टर दिसला नाही. फक्त ती मशीनवाली, आणि ती नवीन असल्यामुळे माझा विनोद तिला कळला नाही. ती सॉरी म्हणाली.

पुस्तिकेत पान ४१ वर जवळजवळ तुम्ही म्हणता तेच वाक्य आहे. अपवाद नाही.

---

डॅलसचा_बाप्या

टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२२ पासून कायदा आहे की डायग्नोस्टिक मॅमोग्रामला स्क्रीनिंगपेक्षा कमी कव्हरेज देता येणार नाही. न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ पासूनच खर्च माफ आहे. मी बायकोच्या वेळी हाच कायदा फोनवर तोंडपाठ म्हणून दाखवला.

पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, सर, तुमची योजना सेल्फ फंडेड आहे. म्हणजे पैसे कंपनी स्वतःच्या खिशातून देते, इन्शुरन्सवाला नुसते कागद हलवतो. अशा योजनेला राज्याचा कायदा लागत नाही, फेडरलच (केंद्राचा) लागतो. आपली निम्मी आयटी मंडळी अशाच योजनांत असावीत. कार्डावर मोठ्या इन्शुरन्स कंपनीचं नाव असतं म्हणून कळत नाही. एचआरला एका ओळीचा मेल टाका: आपली योजना सेल्फ फंडेड आहे की फुली इन्शुअर्ड?

---

मोगरा_जाई (सिॲटल)

२०२६ पासून फेडरलमध्येही काहीतरी बदललंय ना?

---

प्रतिमा_बघणारा (ओहायो)

हो. २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या योजना-वर्षांपासून स्क्रीनिंगनंतर गरज पडली तर पुढचे फोटो, सोनोग्राफी, एमआरआय, बायोप्सीची तपासणी हे सगळं प्रतिबंधक सेवेत धरायचं आहे. म्हणजे तुझं ते बायरॅड्स ० नंतरचं बिल आता यायला नको. पण तिथेही शब्द आहेत "सर्वसाधारण धोका असलेल्या स्त्रिया". धागाकर्ती त्यात बसत नाहीत.

---

सॅनहोजेचे_अण्णा

आमच्या हिचं मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) आहे. तिला ११ महिन्यांनीच अपॉइंटमेंट मिळाली, तर मी घाबरलो की वर्ष भरलं नाही, पैसे लागणार. काही लागलं नाही. उपयुक्त असेल तर असो.

---

आकडेमोड (पुणे)

अण्णा, मेडिकेअरमध्ये आधीच्या तपासणीनंतर पूर्ण ११ महिने उलटले की पुढची स्क्रीनिंग चालते. म्हणजे मार्चमध्ये झाली असेल तर पुढच्या मार्चच्या १ तारखेपासून. डायग्नोस्टिक असेल तर मात्र पार्ट बीचं (मेडिकेअरचा डॉक्टर-तपासण्यांचा भाग) डिडक्टिबल आणि वर २० टक्के आपले.

---

रात्रपाळी (ऐरोली)

धागा आत्ता बघितला, ब्रेकमध्ये लिहितोय. आकडेमोड ताई कोड लावतात, मी त्याच क्लेमचे पैसे अडकले की इन्शुरन्सला फोन करतो. रोज साडेसात ते पहाटे साडेचार. त्यामुळे पलीकडच्या टेबलावरचं सांगतो.

१. "माझं बिल चुकलंय" म्हणू नका. तिकडे नोट पडते "पेशंट तक्रार करतोय" आणि फाइल झोपते. "मला कोडिंग रिव्ह्यू हवाय" म्हणा. तो शब्द म्हटला की फाइल दुसऱ्या टेबलावर जाते.

२. त्याच फोनवर खातं होल्डवर ठेवायला सांगा. नाहीतर रिव्ह्यू चालू असताना इकडे कलेक्शनचं (वसुलीचं) पत्र निघतं. दोन विभाग बोलत नाहीत एकमेकांशी.

३. कोड सुधारला तर नवीन क्लेम पाठवू देऊ नका. इन्शुरन्स तो डुप्लिकेट म्हणून परत फेकणार. रिप्लेसमेंट क्लेम हवा, त्याला ७ चा आकडा लागतो आणि जुन्या क्लेमचा नंबर. "फ्रीक्वेन्सी कोड ७" एवढं म्हणा, पलीकडचा सरळ बसेल.

४. प्रत्येक फोनचा रेफरन्स नंबर. नाव नुसतं "जेनिफर" चालत नाही. रोज चार जेनिफर भेटतात मला.

५. हॉस्पिटल ऐकत नसेल तर इन्शुरन्सकडे लेखी अपील. नकाराच्या पत्रापासून १८० दिवस असतात. घाई नाही, पण झोपूही नका.

६१ चं बिल वेगळं का, तर ते फोटो वाचणाऱ्या डॉक्टरचं. कोडमागे २६ असेल बघा. हॉस्पिटलचं मशीनचं, त्यांचं डोळ्यांचं. कंपनी वेगळी, त्यामुळे हॉस्पिटलने दुरुस्त केलं म्हणून त्यांचं आपोआप होत नाही.

ब्रेक संपला.

---

पोह्यांवर_शेव

रात्रपाळी, तुम्हाला कुणीतरी चहा पाजा रे. आणि मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो.

---

निशिगंध (तीन आठवड्यांनी)

अपडेट. मधे गौरी-गणपती होते.

डॉक्टरांच्या ऑफिसातून ऑर्डरची प्रत मिळाली. त्यावर चक्क लिहिलंय: स्क्रीनिंग मॅमोग्राम, उजवी, डावी मास्टेक्टमी. रिपोर्टच्या डोक्यावर मात्र "डायग्नोस्टिक मॅमोग्राम, उजवी". आणि खाली इंडिकेशनमध्ये "वार्षिक स्क्रीनिंग". एकाच पानावर दोन्ही!

"कोडिंग रिव्ह्यू" म्हटल्याबरोबर खरंच दुसरीकडे जोडून दिलं. तिथल्या बाईंना मी ७७०६७ आणि ५२ म्हटलं. दोन सेकंद शांतता. मग विचारलं, "तुम्ही या क्षेत्रात आहात का?" मी म्हटलं, नाही, माझे मित्र आहेत.

त्या म्हणाल्या रिपोर्टचं शीर्षक डायग्नोस्टिक आहे तोवर आम्ही काही करू शकत नाही. आता काय?

---

आकडेमोड (पुणे)

त्या बरोबर सांगताहेत, माझेही हात तिथेच बांधलेले असतात. रेडिओलॉजिस्टकडून ॲडेंडम (रिपोर्टला जोडलेली दुरुस्ती) हवा. एक ओळ पुरते: शीर्षकात चूक झाली, ही स्क्रीनिंग तपासणी होती. तुम्ही मॅमोग्राफी विभागाच्या मॅनेजरला ऑर्डरची प्रत पाठवा आणि ऑर्डर व रिपोर्ट जुळत नाहीत एवढंच लिहा. पैशाचा उल्लेखही करू नका. ऑर्डर आणि रिपोर्ट न जुळणं ही त्यांच्या दृष्टीने बिलापेक्षा मोठी भानगड आहे.

---

प्रतिमा_बघणारा (ओहायो)

+१. असा ॲडेंडम लिहायला मला अर्धा मिनिट लागतो. पण तो लिहा असं माझ्यापर्यंत यायला कधी कधी महिना.

---

निशिगंध (आणखी पाच आठवड्यांनी)

महिन्याला चार दिवस कमी लागले, डॉक्टर.

ॲडेंडम आला. रिप्लेसमेंट क्लेम गेला, ७ वाला, मी विचारून खात्री केली. काल इन्शुरन्सचा कागद आला, हॉस्पिटलचे ३८६ आता शून्य. रेडिओलॉजी ग्रुपला ॲडेंडम आणि हा कागद दोन्ही फॅक्स केले. हो, फॅक्स. त्यासाठी सार्वजनिक वाचनालयात गेले. ६१ अजून "प्रक्रियेत" आहेत, होल्डवर आहेत, रेफरन्स नंबर माझ्याकडे आहे, आणि बाईचं नाव जेनिफर.

विभागाच्या मॅनेजरने स्वतः फोन केला होता. आकडेमोडचा अंदाज शंभर टक्के खरा निघाला. त्यांच्या यादीत एका बाजूची स्क्रीनिंग हा पर्यायच नव्हता. ती म्हणाली आता टाकलाय.

---

रात्रपाळी (ऐरोली)

जेनिफरला माझा नमस्कार सांगा.

---

मोगरा_जाई (सिॲटल)

पुढच्या वर्षीची अपॉइंटमेंट घेताना काय म्हणणार, ते आत्ताच लिहून ठेव गं.

---

निशिगंध

घेतलीसुद्धा, आजच. मी म्हटलं, स्क्रीनिंग, फक्त उजवी, डावी नाहीये. मुलीने बराच वेळ टकटक केलं. मग म्हणाली, "सापडलं. हे नवीन दिसतंय." आणि जरा थांबून, "पण मॅम, डावीची अपॉइंटमेंट मग वेगळ्या दिवशी घ्यायची का?"